बुवांची पिपाणी

गणपतीला दीड महिना उरला होता आणि कुवेतच्या अब्बासियातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत एक अघटित घडलं. चंद्रहास परबने आपण होऊन सिगारेटचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि तेही भरलेलं. खोलीत त्याच्यासकट पाच माणसं राहायची. उरलेल्या चौघांनी एकामागून एक डब्यात वाकून बघितलं, कारण परबबुवांनी याआधी सात वेळा सिगारेट सोडली होती आणि आठ वेळा धरली होती. या हिशोबात काहीतरी चुकतंय असं कुणी म्हटलं की बुवा सांगायचे, पहिल्यांदा धरली ती सोळाव्या वर्षी, कुडाळच्या जत्रेत.

आता वय सत्तेचाळीस. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं, पाइपच्या वेल्डिंगचं काम आणि दिवसाला दीड पाकीट. पण खोलीत, इमारतीत आणि आसपासच्या चार गल्ल्यांत त्याला परब म्हणून कुणी ओळखत नसे. तो बुवा होता. भजनी बुवा. दरवर्षी गणपतीतल्या शुक्रवारी दुपारी एका इमारतीच्या तळघरातल्या हॉलमध्ये अब्बासिया आणि खैतान या दोन वस्त्यांची डबलबारी व्हायची. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज समोरासमोर. एकाने गाण्यातून चिमटा काढायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचं उत्तर द्यायचं, आणि शेवटी आपापला गजर असा रंगवायचा की समोरच्याच्या माणसांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या पाहिजेत. खैतानकडून बसायचा सखाराम घाडी, एसीच्या डक्टचं काम करणारा, जिभेने तिखट आणि आवाजाने गोड. कोकणातली अर्धी माणसं देवाला बघायला यायची आणि उरलेली अर्धी या दोघांना.

गेल्या वर्षी त्या हॉलमध्ये चंद्रहासची शोभा झाली. गजराच्या शेवटी एक लांब सूर धरायचा असतो, मागचा कोरस थांबतो, पखवाज थांबतो, आणि बुवाचा एकट्याचा आवाज उभा राहतो. तो उभा राहिला आणि मध्यावर खोकला आला. साधा नाही, आतून खरवडून काढणारा. माणसं पाणी घेऊन धावली. कुणीतरी हसलं. ते हसणंही व्हिडिओत आलं आणि चंद्रहास चार जिने चढून खोलीत पोचायच्या आधी व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचला.

त्या रात्री बायकोचा, द्वारकाचा फोन आला. लग्नाला बावीस वर्षं झालेली, बाई मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पेटी दुसऱ्याक द्या. लोकांनी काढून घेऊच्या आधी मानान द्या."

दुसरी एखादी भांडली असती तर चंद्रहास उलटून बोलला असता. हिचं बोलणं वर्षभर काट्यासारखं रुतून राहिलं. म्हणून यंदा त्याने मनाशी ठरवलं: गजर एका दमात, नाहीतर पेटीला शेवटचा नमस्कार. मधलं काही नाही.

ठरवणं सोपं असतं. सुटायचं कसं, ते सुयोगने सांगितलं. सुयोग त्याचा पखवाजवाला, अठ्ठावीस वर्षांचा, कणकवलीकडचा, इलेक्ट्रिशियन. "बुवा, माझी वेपान सुटली. पयली सिगरेट सुटली, मगे आठ महिन्यांनी वेप पण. पण मन लावून करूक होया. नायतर क्षितिजाचा बघा."

क्षितिजचं सगळे बघतच होते. तो शेजारच्या कॉटवरचा, भजनात चकवा, म्हणजे झांज, वाजवणारा. त्यानेही सिगारेट सोडायला वेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची नळी, आणलं होतं आणि दोन वर्षं झाली, दिवसा साइटवर सिगारेट आणि संध्याकाळी खोलीत वेप असा त्याचा संसार सुखाने चालला होता. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हा पठ्ठ्या दोन्हीकडे जेवून ढेकर देत होता.

फरवानियातल्या दुकानात सुयोग बुवांना घेऊन गेला. दुकानदार मिसरी, म्हणजे इजिप्तचा, पण हिंदीत बोलणारा. दिवसाला किती ओढता ते त्याने विचारलं, आकडा ऐकून भुवया वर केल्या आणि त्या मानाने निकोटीनची बाटली काढली. मग वासांची यादी. आंबा, स्ट्रॉबेरी, नारळ, कॉफी. चंद्रहासने सगळे बाजूला सारून पुदिना उचलला. त्यामागे त्याचा विचार होता, आणि तो विचार फक्त भजनी बुवाच करू शकतो. गाणाऱ्याच्या खिशात ज्येष्ठमध असतं, लवंग असते, खडीसाखर असते. पुदिना त्यांच्याच घराण्यातला. म्हणजे सिगारेटही सुटेल आणि घसाही साफ राहील. एका दगडात दोन पक्षी! आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की परत येताना बसमध्ये गुणगुणत होता.

खोलीतल्यांनी त्या यंत्राचं बारसं केलं. नाव ठेवलं पिपाणी.

पहिले चार दिवस विचारू नका. आमटीत मीठ जास्त म्हणून भांडण, कमी म्हणून भांडण, मीठ बरोबर आहे तर कुणी टाकलं म्हणून भांडण. यार्डात एक जॉइंट इतका वाईट झाला की फोरमनने तो घासून पुन्हा करायला लावला. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. चहाच्या सुट्टीत माणसं पत्र्याच्या सावलीत ओढायला जमायची, तेव्हा हा लांब उभा राहून पिपाणी तोंडात धरायचा आणि नजर मात्र त्यांच्या बोटांवर. पण त्याने ओढली नाही. सिगारेटची तलफ आली की पुदिना, पुन्हा आली की पुन्हा पुदिना. पाचव्या दिवशी तो स्वतःच चकित झाला. सात वेळच्या सोडण्यात तिसरा दिवस कधी उजाडला नव्हता.

आणि मग मजा सुरू झाली. बाराव्या दिवशी लिफ्ट बंद पडली आणि चंद्रहास चार जिने न थांबता चढला. दारात उभं राहून ओरडला, "आयकलास? धाप नाय!" पंधराव्या दिवशी त्याला दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बांगडा तळतंय हे खाली रस्त्यावरूनच कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत नाक कुठे गहाण टाकलं होतं कोण जाणे! विसाव्या दिवशी दाराच्या फटीला उशी लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, त्याने गजराचा सूर धरून बघितला. सुयोगने मोबाइलवर सेकंद मोजले. एकोणीस. पुढच्या आठवड्यात तेवीस. पोरगं दहावी पास झाल्यासारखा पाच जणांनी आनंद केला आणि खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आइसक्रीम आणलं.

द्वारका रोज फोनवर एकच विचारायची, "आज किती ओढलात?"

"एकव ओढूक नाय."

"देवाची शपथ?"

"तुझी."

"माझी नको, देवाची घ्या. माका अजून जगूचा आसा."

पण नशीब असं सरळ चालत नाही. बारीला आठवडा उरला असताना हॉलमध्ये रंगीत तालीम झाली आणि तिथे चंद्रहासचा आवाज फाटला. दम होता, हवं तर आणखी दहा सेकंद पुरला असता. सूरच लागेना. वरचा षड्ज लावला की घशात वाळू घासल्यासारखं व्हायचं. त्याने पाणी घेतलं, लवंग चघळली, पिपाणी ओढली, पुन्हा धरलं. पुन्हा फाटला. गेल्या वर्षी दमाने दगा दिला, यंदा घसा देतोय. म्हणजे देवाच्याच मनात नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं तो बोललाही.

सुयोग मात्र देवाकडे न बघता पिपाणीकडे बघत होता. "बुवा, ह्यां तुमी दिवसाक किती वेळा ओढतात?"

"मोजूचा कसा? सिगरेट संपता तरी. ह्यां संपताच खय?"

"गाण्याच्या आधी ओढतात?"

"आधी, मधी, मगे. पुदिनो मा रे तो! घशाक बरो."

सुयोगने कपाळावर हात मारला. मग हसला, मग बुवांचा चेहरा बघून हसू गिळलं. त्याने समजावून सांगितलं की या वाफेने घसा कोरडा पडतो, त्यात पुदिना असो की अमृत. थंड लागतं म्हणून बरं वाटतं एवढंच. बुवांनी सिगारेट सोडली खरी, पण ज्येष्ठमधाच्या नावाखाली उठल्यापासून झोपेपर्यंत निकोटीनच चघळत होते. पूर्वी सिगारेट विझायची, तेवढी तरी छातीला सुट्टी मिळायची.

चंद्रहासला इतका राग आला की कुणावर काढावा तेच कळेना. मिसरी दुकानदार तिथे नव्हता, पुदिना बाटलीत होता. शेवटी स्वतःवरच काढला. "सत्तेचाळीस वर्सांचो घोडो झालंय आणि चोखणी घेऊन फिरतंय!"

"चोखणी नाय, औषध आसा ता. पण औषध चमच्यान घेतत, बाटली तोंडाक लावून नाय."

त्या दिवसापासून पिपाणी सुयोगच्या पखवाजाच्या पिशवीत गेली. दिवसातून चार वेळा मिळायची, चार झुरके, आणि सौम्य बाटलीतली. बाकी वेळ कोमट पाणी. बारीच्या दिवशी सकाळपासून काहीच नाही. बुवांनी रुसून पाहिलं, धमकावून पाहिलं, एकदा पिशवी उघडतानाही सापडले. सुयोग बधला नाही. पखवाजवाला ठेका सोडत नाही तो नाहीच. चौथ्या दिवशी आवाज ओला झाला. पाचव्या दिवशी षड्ज लागला, आणि तो असा लागला की शेजारच्या खोलीतल्या मल्याळी माणसाने दार वाजवून विचारलं, रेडिओ कुठला आहे?

शुक्रवार उजाडला. बाहेर सप्टेंबरचं ऊन डोळे फोडत होतं आणि तळघरातल्या हॉलमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीने बसली होती. समोर गणपती, अगरबत्ती, मोदकांची ताटं. सकाळपासून एकही झुरका नसल्याने चंद्रहासच्या तळव्यांना घाम सुटला होता आणि सगळ्या जगाने उगाच मोठ्याने बोलू नये असं त्याला वाटत होतं. पण पेटीवर हात पडला आणि नमन सुरू झालं तसं घामाचं भान सुटलं. सुयोगचा पखवाज असा बोलत होता की माणसं बसल्या जागी डुलायला लागली. पहिला अभंग झाला, गौळण झाली. खैतानची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. गेल्या वर्षीचा खोकणारा बुवा कुठे गेला?

सखारामच्या ते लक्षात आलं. त्याची पाळी येताच त्याने पेटी हळू केली, मान तिरकी केली आणि भात्यातला बाण काढला:

"विडी सोडून बुवा झाले हो साधू,
नळीत शोधती पुदिन्याची जादू!
धूर गेला म्हणती, वाफ आली दारी,
सुटली की बदलली, सांगा गोष्ट खरी?"

हॉल फुटायचा बाकी राहिला. शिट्ट्या, टाळ्या, हास्याचा कल्लोळ. मागून कुणीतरी पिपाणीचा आवाजही काढला. चंद्रहासने क्षितिजकडे बघितलं. ही बातमी खैतानला पोचवणारा दुसरा कोण असणार? क्षितिज मान खाली घालून चकव्यावरची नसलेली धूळ पुसत होता.

दोनशे माणसं उत्तराची वाट बघत होती. 'सुटली, सगळी सुटली' एवढं म्हटलं की टाळ्या मिळाल्या असत्या; शब्दही ओठांवर तयार होते. पण समोर गणपती होता, हाताखाली पेटी होती, आणि पेटीवर बसून खोटं बोललो तर पुढचा सूर लागेल कसा, असं त्याला खरोखर वाटलं. त्याने सुयोगला खूण केली. पखवाज हलकेच वाजू लागला, आणि बुवा गायले:

"बदलली हो बुवा, लपवू कशाला?
काठी धरून निघालो डोंगर चढायला!
काठी सुटेल जेव्हा पाय धरतील भुई,
तुमची चूल मात्र अजून विझत नाही!"

जो आवाज झाला त्याने छताचे दिवे हलले असतील. हसणारे खैतानवालेच होते, कारण मध्यंतरात सखारामबुवा सिगारेट पेटवायला कुठे जातात ते त्यांनाच ठाऊक होतं. सखारामनेही हसून कानाला हात लावला. डबलबारीत ती मोठी दाद. चंद्रहासला वाटलं, आपल्या छातीवरचा एक दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. आता लपवायचं काही राहिलंच नव्हतं.

मग गजर. लय चढत गेली, दुप्पट झाली, झांजा पेटल्या, माणसं उभी राहिली. कोरस थांबला. पखवाज थांबला. चंद्रहासने सूर धरला. दहा सेकंद. पंधरा. गेल्या वर्षी याच जागी खोकला आला होता. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने नकळत पाण्याची बाटली उचलली. वीस. सूर हलला नाही. उलट तो मोकळा होत गेला, तळघर भरून उरला, आणि चंद्रहासचे डोळे आपोआप मिटले. आत कुठे खरखर नव्हती, कुठे अडकत नव्हतं. किती दिवसांनी हा आपला स्वतःचा आवाज! सत्तावीस सेकंदांनी त्याने तो आपणहून सोडला, तेव्हा दम शिल्लक होता. पखवाज कडाडला आणि हॉलने एकच आरोळी ठोकली. सुयोग रडत वाजवत होता.

डबलबारीत निकाल कुणी लावत नाही, पण तो सगळ्यांना कळतो. माणसांनी चंद्रहासला उचललं, कुणी मिठ्या मारल्या, कुणी मोदक कोंबले. त्याचे पाय जमिनीवर नव्हते. अंगातून वीज वाहत होती. त्याच तंद्रीत तो गर्दीतून निसटून वर पार्किंगमध्ये आला. संध्याकाळ झाली होती. गरम वारा होता. आणि एका गाडीला टेकून सखाराम उभा होता.

अकरा वर्षांचा रिवाज होता त्यांचा. आत कितीही एकमेकांची सालं काढली, तरी बारी संपली की दोघे बुवा वर यायचे. सखाराम दोन सिगारेटी एकदम ओठांत धरायचा, एकाच काडीने पेटवायचा आणि एक चंद्रहासच्या हातात द्यायचा. भांडण तिथे संपायचं. आजही त्याच्या ओठांत दोन होत्या. काडी पेटली. एक सिगारेट पुढे आली.

"घे मेल्या. जिंकलंस," सखाराम म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

चंद्रहासने ती घेतली. विचार करून नव्हे; हातानेच घेतली, बोटांनी आपली जागा धरली. त्याने तलफ सोसायची तयारी केली होती, राग सोसायची, भीती सोसायची. आनंद सोसायची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. तो वास नाकात शिरला, जिवलग माणसाच्या घरी शिरल्यासारखा. आज नाही तर कधी ओढायची? एवढं मिळवल्यावर एक? एकच. कोण बघतंय? समोर मित्र आहे, नाही म्हटलं तर अकरा वर्षांचं काय? सिगारेट ओठांपर्यंत आली. त्याला कळत होतं की ही एक ओढली तर उद्या पाकीट येणार, आणि हे कळत असतानाही हात खाली जात नव्हता.

तेव्हा तो ओरडला. गजराच्या आवाजात, पोटातून:

"सुयोगा! माझी पिपाणी!"

पार्किंग दणाणलं. जिन्यावरची माणसं थबकली. सुयोग एका काखेत पखवाज आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन धापा टाकत वर आला, आणि त्याच्या हातातून बुवांनी ते यंत्र जवळजवळ हिसकावून घेतलं. जळती सिगारेट सखारामच्या मोकळ्या हातात परत गेली. जिन्यावरच्या सगळ्यांच्या देखत, लाजेचं नाव न घेता, परबबुवांनी पुदिन्याचा लांब झुरका घेतला. मग दुसरा.

दोन हातांत दोन पेटलेल्या सिगारेटी घेऊन सखाराम बावळटासारखा उभा होता. "म्हणजे माझ्यावांगडा एक पण नाय?"

"नाय. ती सुटली." चंद्रहासने पिपाणी वर करून दाखवली. "ह्यां सुटूक नाय अजून. सुटतला. पण आज ह्यां नसता तर ती ओढलंयच असतंय मी."

सखाराम हसला. हसता हसता खोकला आला, तसाच, आतून खरवडणारा. तो गाडीवर वाकला. दोन्ही सिगारेटींची राख त्याच्याच पायांवर पडत होती आणि खोकला थांबत नव्हता. चंद्रहासने त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली बरगड्या हलताना लागल्या. अर्ध्या तासापूर्वी याच माणसाला गाण्यात चीत केल्याचा केवढा आनंद झाला होता!

"सखाराम," तो म्हणाला, "तू गेलंस तर मी कोणासमोर गावचा?"

सखारामने मान वर केली. मग त्याने एक सिगारेट खाली टाकून चपलेने चिरडली. दुसरी मात्र शेवटपर्यंत ओढली, चंद्रहासकडे पाठ करून. ती संपल्यावर हात झटकत म्हणाला, "किती दिवस झाले रे तुका?"

"अठ्ठेचाळीस."

"पयले चार दिवस लय वायट काय?"

"लय वायट," चंद्रहास म्हणाला. "पण मी येतलंय तुझ्याकडे. चारव दिवस."